ब्रेकमधले ‘तेल’ : जुन्या मोटारीची घरगुती निगा

माळव्यात मोटार आली ती राजवाड्याच्या दारातून, आणि तिची निगा राखण्याची विद्याही प्रथम तेथेच रुजली. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. तीत सह्याद्रीचे घाट ओलांडून गेलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. भैरवगढाच्या पुढे क्षिप्रेच्या पात्रातील कालियादेह महालाचा १९२० मध्ये जीर्णोद्धार करणारे माधवराव हेच. त्या काळच्या रोल्स-रॉईसला ब्रेक होते ते केवळ मागच्या बाजूस. पुढच्या चाकांना ब्रेक देण्याची पद्धत तिच्याकडे १९२० नंतर आली. इकडे इंदुरात यशवंतराव होळकरांनी १९३६ ची ड्युसेनबर्ग मागविली. तिचा सांगाडा अमेरिकेचा, वरचा साज इंग्लंडातील गर्नी नटिंग या कारागिरांचा. याच ड्युसेनबर्ग कंपनीने १९२१ च्या सुमारास प्रवासी मोटारीच्या चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक प्रथम बसविले होते. म्हणजे शिंद्यांच्या गाडीपासून होळकरांच्या गाडीपर्यंतच्या अठ्ठावीस वर्षांत मोटार थांबविण्याची सारी रीतच पालटली. वेगाच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. थांबण्याचा इतिहास कोणी लिहीत नाही.

मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत संस्थानिकांनी मोटारखान्याची एकोणिसावी भर घातली, असे गमतीने म्हणता येईल. त्या मोटारखान्यात शोफर, त्याचा मदतनीस, धुणारा आणि विलायतेहून आलेली जाडजूड पुस्तके असा सरंजाम असे. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला, संस्थाने विलीन झाली, आणि मोटार हळूहळू वकील, डॉक्टर, जहागीर गमावलेले पण हौस न गमावलेले सरदार यांच्या दारात येऊन उभी राहिली. सरंजाम मात्र मागेच राहिला. ‘आमच्याकडे मोटार आहे’ याचा अर्थ ‘आमच्याकडे मोटारीचे काम आहे’ असाच होऊ लागला.

याला कारण केवळ काटकसर नव्हे. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांना सुटे भाग येथेच घडवायचे नव्हते त्यांना जागा उरली नाही. राहिले ते प्रामुख्याने तिघे : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. प्रीमियरची फियाट ११०० ही १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि सत्तरीच्या दशकात तीच ‘पद्मिनी’ झाली. एका चित्तोडच्या राणीचे नाव मिळण्यापूर्वी तिला ते दुसरे नाव सोसावे लागले हे आमच्या भाषेचे वैशिष्ट्यच म्हणावयाचे. नाव नोंदविल्यानंतर गाडी हाती येण्यास वर्षेच्या वर्षे लागत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत ही स्थिती फारशी बदलली नाही. जी वस्तू मिळविण्यास इतका काळ लागे ती दहा वर्षांत टाकून देण्याचा विचार कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते. ती टिकविलीच पाहिजे, आणि टिकवायची तर ती समजून घेतली पाहिजे, हा क्रम परिस्थितीने लावून दिला.

भैरवगढ हे छिप्यांचे गाव. लाकडी ठशांनी छापलेली येथील जाजमे माळव्यातील मराठी घरांत लग्नकार्यात अंथरली जात. बैठकीवरून निवृत्त झालेले जाजम पुष्कळ घरांत शेवटी मोटारीखाली जाई. त्यावर पाठ टेकून घरचा कर्ता पुरुष रविवारी सकाळी गाडीच्या पोटात शिरे. त्याहूनही विरलेल्या तुकड्यांचे पुसणे होई. पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडाचा धागा सुटत नाही, म्हणून डिपस्टिक पुसण्यास त्याच्यासारखे दुसरे काही नाही. नव्या कापडाचे तंतू तेलवाटांत अडकतात, हे ठशांच्या त्या गावात कोणास सांगावे लागत नसे.

या विद्येची भाषाही दोन घरांची. घरात आम्ही ‘आटे’ म्हणतो, मिस्त्रीपुढे तीच ‘चूडी’ होते. घरातली ‘पक्कड’ दुकानात ‘प्लास’ म्हणून मागावी लागते. इंग्रजी पुस्तकातील तिसरे नाव कोणीच उच्चारीत नाही. तीन भाषांतून उतरलेल्या ज्ञानात काही शब्द आपल्याबरोबर जुन्या काळची समजूतही घेऊन येतात, आणि ती समजूत पुढे घातक ठरू शकते. त्याचा सर्वांत मोठा दाखला ब्रेकचा आहे; पण त्यापूर्वी इंजिनाच्या तेलाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

‘वंगण’ हा शब्द मोटारीपेक्षा पुष्कळच जुना. बैलगाडीच्या आसाला वंगण घालीत, आणि त्यासाठी एरंडेल हे उत्तम समजले जाई. पुढे विलायतेतही शर्यतीच्या व विमानांच्या इंजिनांत एरंडेलच वापरले गेले. ‘कॅस्ट्रॉल’ हे प्रसिद्ध नाव एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले आहे. एरंडेल तापले तरी आपला चिकटपणा लवकर सोडत नाही. मात्र कालांतराने ते घट्ट होऊन लाखेसारखे चिकटून बसते. म्हणून रोजच्या वापराच्या मोटारीत खनिज तेलाचे राज्य आले. त्या तेलाची जाडी एसएई या अमेरिकी संस्थेच्या अंकांनी सांगितली जाते : ३०, ४०, ५०. जुन्या वह्यांत ‘उन्हाळ्यात ४०, हिवाळ्यात ३०’ अशी नोंद आढळते ती या एकेरी अंकांच्या तेलाची. पुढे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशी दुहेरी अंकांची तेले आली. त्यातील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. थंडीत ते पातळ तेलासारखे लवकर वर चढते आणि वैशाखात जाड तेलासारखे टिकते. ऋतूप्रमाणे तेल बदलण्याची आजोबांची रीत त्यांच्या काळी अगदी बरोबर होती. आज ती पाळण्याचे कारण उरलेले नाही.

तेल काळे झाले की ते ‘मेले’ ही समजूतही अशीच तपासून पाहावी लागते. पूर्वीच्या साध्या तेलात काजळी तळाशी बसे आणि वरचे तेल बराच काळ स्वच्छ दिसे. ते काळे झाले म्हणजे खरोखरच उशीर झालेला असे. आजच्या तेलात मळ धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, तेव्हा ते काळे होणे हे ते काम करीत असल्याचे चिन्ह होय. रंगावर न जाता अंतरावर जावे : सुमारे ५,००० किलोमीटर, आणि गाडी क्वचितच हिंडत असेल तर वर्षातून एकदा. उभ्या गाडीचे तेल खराब होत नाही असे मानणारे पुष्कळ आहेत. वास्तविक थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, आतील बाफ तेलात उतरते आणि त्याला आम्लता येते. देवदर्शनापुरती निघणारी गाडी या दृष्टीने रोज इंदूर गाठणाऱ्या गाडीपेक्षा अधिक कष्टात असते.

तेल काढताना इंजिन कोमट असावे, म्हणजे मळ तेलाबरोबर वाहून जातो. गाडी सपाट जागी असावी. तळाच्या बुचाखालची तांब्याची चकती तपासून घ्यावी. सगळी गळती त्या एका चकतीपाशी असते आणि लोक उगाच बुच आवळून आटे घालवितात. नवे तेल घेताना एक गोष्ट विशेष पाहावी. जुन्या फियाट व अँबेसेडरच्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत फिरतो, आणि त्या घासण्यापासून जस्त व फॉस्फरस असलेले एक द्रव्य त्याचे रक्षण करते. नव्या मोटारींच्या धूरशोधक यंत्रणेला फॉस्फरस बाधतो, म्हणून २००४ नंतरच्या श्रेणींच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण घटविले गेले. दुकानातील सर्वांत महाग तेल हे जुन्या गाडीस सर्वांत योग्य असतेच असे नाही. आम्ही तर २०डब्ल्यू-५० चे साधे खनिज तेलच पसंत करतो.

काढलेल्या तेलाचे काय करावयाचे? पूर्वी ते वाळवी लागू नये म्हणून खांबांना, दाराच्या चौकटींना आणि कुंपणाच्या लाकडाला फाशीत. आज त्यातील घातक द्रव्यांची माहिती झाली असताना ते घरात लावणे किंवा क्षिप्रेला मिळणाऱ्या नाल्यात सोडणे अक्षम्य आहे. डब्यात भरून ते तेल परत घेणाऱ्याकडे द्यावे.

पाणी, ठिणगी आणि ग्रीस यांविषयी थोडक्यात. माळव्याच्या काळ्या जमिनीतील विहिरींचे पाणी जड. ते रेडिएटरात वर्षानुवर्षे घातल्याने आत क्षारांचा थर बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळू लागते. जुन्या घरांत पागोळीचे पावसाचे पाणी गाळून रेडिएटरासाठी राखून ठेवीत, ही रीत शास्त्रशुद्ध होती. आता शुद्धोदकात शीतकद्रव मिसळून घालावे. काँटॅक्ट पॉइंटमधील फट साधारण ०.४ आणि प्लगमधील साधारण ०.६ मिलीमीटर, पानांच्या मापपट्टीविना, पोस्टकार्डाच्या जाडीवर हे काम भागविणारे कसबी लोक होते, पण त्यांचे अनुकरण करू नये. किंग-पिनच्या निपलांना ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत पंप चालवावा. बस्स.

आता ब्रेक. पहिल्या द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये जे द्रव असे ते एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण होते. आमच्या लहानपणी ज्याच्या चमच्याला मुले घाबरत तेच एरंडेल ब्रेकच्या नळ्यांत खेळत असे. ते तेथे निवडले गेले याचे कारण रबर. ब्रेकच्या सिलिंडरांतील वाट्या तेव्हा नैसर्गिक रबराच्या असत, आणि खनिज तेलाने असे रबर फुगते. एरंडेलाने फुगत नाही. पुढे एरंडेलाची जागा ग्लायकॉल जातीच्या द्रवांनी घेतली. त्यांचा तेलाशी काहीही संबंध नाही. परंतु आपल्याकडे दुकानदार, मिस्त्री आणि मालक सारेच त्याला आजही ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात. एरंडेल गेले, त्याचे नाव राहिले. आणि नावावर विसंबून कोणी अडचणीच्या वेळी ‘तेलच ना’ म्हणून मास्टर सिलिंडरात इंजिनाच्या तेलाचे चार थेंब घातले, तर काही दिवसांत रबराच्या वाट्या फुगतात. मग एकतर ब्रेक लागून राहतात, किंवा लागतच नाहीत. असे झाल्यास सर्व रबरी भाग काढून टाकणे आणि नळ्या धुऊन काढणे याखेरीज उपाय नाही. साऱ्या निगेत एकच शब्द बदलावयाचा म्हटले तर आम्ही हा बदलू. ‘ब्रेकद्रव’ म्हणावे, इंग्रजीतील ‘ब्रेक फ्लुइड’ म्हणावे, परंतु ‘तेल’ म्हणू नये.

हा द्रव हवेतील ओल शोषतो. डॉट ३ प्रतीचा कोरडा द्रव २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ड्रम तापले म्हणजे ओल्या द्रवात वाफ होते, वाफ दाबाने आकसते, आणि पाय तळापर्यंत जातो तरी गाडी थांबत नाही. इंदूरहून महूकडे व पुढे महेश्वराच्या बाजूस विंध्याचा उतार आहे. सपाट उज्जैनात निर्दोष वाटणारे ब्रेक तेथे उघडे पडतात. म्हणून दर दोन वर्षांनी सगळा द्रव बदलावा, उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरू नये. सिलिकोनचा डॉट ५ हा यात मिसळू नये. अंक पुढचा आहे म्हणून तो वरच्या इयत्तेचा, असे नव्हे. द्रव रंगावर सांडल्यास रंग खातो, तेव्हा मडगार्डवर ओले फडके टाकून ठेवावे.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे, आणि येथे घरातील स्त्रिया या इतिहासात येतात. त्यांच्या हाती स्टिअरिंग क्वचितच दिले गेले. ब्रेकच्या पायट्यावर मात्र पुष्कळदा त्यांचाच पाय असे. उजव्या हाताच्या आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूर असते ते मागचे डावे चाक. तेथून आरंभ करावा, मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. निपलाला नळी, नळीचे टोक बाटलीतील द्रवात बुडालेले. जाजमावरून हुकूम येई, ‘दाब’. मग ‘धर’. निपल उघडे, बुडबुडे बाटलीत उतरत, निपल बंद होई, आणि त्यानंतरच ‘सोड’. ‘सोड’ एका क्षणाने आधी झाले की गेलेली हवा पुन्हा आत. पायट्याखाली स्पंज आहे की दगड, हे वर बसलेल्या व्यक्तीलाच कळे. खालच्याने काम संपले म्हटले तरी ‘अजून मऊ आहे’ असे सांगण्याचा अधिकार तिचा होता, आणि तो मानला जाई. त्या काळच्या घरांत असे अधिकार फार नव्हते.

१९५०-६० च्या दशकांतील या गाड्यांत चारही चाकांचा दाब एकाच वाटेने जातो. कोठेही एक नळी फुटली की चारही चाके निराधार होतात आणि हातब्रेक तेवढा उरतो. म्हणून लवचीक रबरी नळ्यांवरील बारीक भेगा, चाकाच्या आतील बाजूस ओलसर डाग, आणि टाकीतील पातळी या तीन गोष्टी दर महिन्यास पाहाव्या. हातब्रेक ‘नावापुरता’ आहे असे हसत सांगणाऱ्या मालकाच्या गाडीत आम्ही बसत नाही. पावसाळ्यात भैरवगढाच्या बाजूस रस्त्यावर पाणी आले की ड्रमच्या आत पाणी शिरते. बाहेर पडल्यावर हलक्या पायाने ब्रेक दाबून थोडे अंतर चालवावे, म्हणजे लायनिंग कोरडे होते. ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवूही नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने ती टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. कित्येक मिस्त्रींचे आयुष्य ती धूळ श्वासात घेण्यात गेले. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

पेट्रोलनेही दोनदा रूप पालटले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे झडपांच्या बैठकीवर पातळ थर धरून झीज रोखीत असे. अँबेसेडरच्या ओतीव लोखंडी हेडमध्ये ती झीज संभवते, फियाटच्या हेडमध्ये ॲल्युमिनियमात कठीण बैठका बसविलेल्या असल्याने भय कमी. दुसरे रूप म्हणजे वीस टक्के इथेनॉल, ज्याची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत देशभर पसरली. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरातील पडदे मऊ पडून चिरतात, आणि ते पाणी ओढून घेत असल्याने महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साठते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसवाव्यात. पेट्रोल थोडे भरावे, पंधरा दिवसांतून एकदा गाडी पुरती तापेपर्यंत चालवावी. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरविण्यापूर्वी कारण शोधावे.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील खासगी मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी देऊ केली. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, शर्यत-फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा ‘व्हीए’ पाटी लावलेल्या फियाटमधून कुटुंबासह काळभैरवाच्या दर्शनास जाणे नियमात बसत नाही. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील साध्या नोंदणीचे नूतनीकरणही महागले. पाटी मानाची की गाडी वापराची, हा निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यावयाचा आहे. आमचा कल वापराकडे आहे, कारण उभी गाडी कुजते.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर पाने, पकडी आणि जॅक मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत अद्याप आहे. त्याच कपाटात बहुधा एक वहीही असते. तीत तेल बदलल्याच्या तारखा, किलोमीटरचे आकडे, लायनिंग कोठून आणले, कोणत्या प्रवासात काय बिघडले, हे सारे देवनागरीत, मधूनच हिंदी वळणाने, लिहिलेले असते. माळव्यातील मराठी मध्यमवर्गाच्या तांत्रिक जीवनाची याहून विश्वसनीय साधने आमच्या पाहण्यात नाहीत. अशा वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मंडळास दाखवाव्या. नक्कल करून मूळ वही परत केली जाईल. तेलाचे डाग असल्यास ते पुसू नयेत.